स्वर्गीय संपादक मंडळ

तुमसरला राहून माणसानं काय काढावं याचे काही संकेत ठरलेले आहेत. राइस मिल काढावी, किराणा दुकान काढावं, फारच झालं तर कोचिंग क्लास काढावा. केशवराव नंदागवळी यांनी वैज्ञानिक त्रैमासिक काढलं होतं. तेही तलाव आणि धान या विषयाला वाहिलेलं, तेही मराठीत, आणि वर कहर म्हणजे ते बंद न पडता चालू होतं. या शेवटच्या गोष्टीचा गावातल्या बऱ्याच जणांना मनातून राग होता.

केशवराव वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. 'तलाव-विज्ञान' हे त्रैमासिक त्यांनी आणि आंबागडच्या पुंडलिकराव कापगते यांनी मिळून सुरू केलं. पुंडलिकराव एमएस्सी होऊन शेती करणारे, म्हणजे घरच्यांच्या मते दोन्हीकडून वाया गेलेले. तालुक्यातल्या प्रत्येक बोडीत, म्हणजे गावतळ्यात, ते एकदा तरी कमरेपर्यंत उतरले होते. काही वर्षांपूर्वी ते गेले. जाण्याआधी दवाखान्यातही त्यांनी एवढंच विचारलं होतं, "केशव, अंक गेला का प्रेसले?" केशवरावांनी हो म्हणून सांगितलं. तेव्हापासून अंक एकदाही चुकला नव्हता. प्रेसशेजारच्या राइस मिलचा कोंडा उडून पानापानांत बसलेला असे, पण अंक निघे.

अशा या अंकाच्या मुळावर एक ई-मेल आला. नियतकालिक मूल्यमापन समिती नावाच्या कुठल्याशा समितीनं कळवलं होतं की, आपलं नियतकालिक छापील आहे, या तिमाहीअखेर ते संपूर्ण ऑनलाइन न झाल्यास त्याचं नाव मान्य यादीतून वगळण्यात येईल. यादीतून नाव गेलं की त्यात लेख लिहिणाऱ्या प्राध्यापकाला त्या लेखाचा काडीचा उपयोग नाही. मग लेख कोण पाठवणार? अंकात केशवरावांचं संपादकीय आणि मागच्या पानावर प्रेसची जाहिरात, एवढंच उरलं असतं.

"बंद करून टाका ना जी," पार्वताबाई म्हणाल्या. "तुमी रिटायर झाले, आता त्या अंकालेही होऊ द्या."

"बंद? पुंडलिक गेला तवा नाही केलं बंद. आता एका ई-मेलच्या धाकानं करू? त्यायच्या बापानं काढलं होतं का ते?"

नवरा बापापर्यंत पोचला की पुढं बोलण्यात अर्थ नसतो, हे पार्वताबाईंना संसारातून कळलेलं होतं. त्या उठून भात बघायला गेल्या.

बातमी गल्लीत पसरली आणि सल्ले सुरू झाले. शेजारच्या पुष्पाबाईंनी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढायला सांगितलं, म्हणजे त्यांच्या पाककृतीही त्यात टाकता येतील. वीज कार्यालयातून निवृत्त झालेले कैलाश म्हणाले, "कायले टेन्शन घेऊन रायले? पीडीएफ करा अन् द्या सोडून." सोडून कुठं द्यायचं, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. पीडीएफ हा शब्द त्या आठवड्यात केशवरावांना इतक्या लोकांनी ऐकवला की वाटावं, तुमसरात जो तो सकाळी उठून आधी पीडीएफ करतो आणि मग दात घासतो.

शेवटी धावून आला भय्याजी. भय्याजीची प्रेस बाजारात. अंक पहिल्यापासून तिथंच छापला जाई.

"वेबसाइट मीच बनवतो सरजी," तो म्हणाला. "आता लोकं लग्नाच्या पत्रिका छापून कुठं रायले? मोबाइलवर पाठवतेत. मी तेच शिकलो. पत्रिका अन् अंक, दोन्हीत कागदच नाही, मंग फरक काय?"

केशवरावांना फरक सांगता आला असता, पण दुसरा कुणी तयार नव्हता. अंक छापायचा थांबला की नुकसान भय्याजीचंच होतं, आणि तरी तो मदतीला आला होता. हे त्यांच्या मनाला भिडलं. ते म्हणाले, "कर."

वेबसाइट झाली. उद्घाटनाला गल्ली जमली. केशवरावांनी बटण दाबलं. पडद्यावर मखमली पडदा दुभंगला, गुलाबाच्या पाकळ्या पडू लागल्या, दोन मोर समोरासमोर येऊन उभे राहिले आणि सनई वाजू लागली. मोरांच्या मधोमध सोनेरी अक्षरांत आलं, 'तलाव-विज्ञान'. त्याखाली केळीच्या खांबांमध्ये पहिला लेख, 'बोडीतील शेवाळ व धानाची मुळे'. लेखक दोन, साकोलीचे एक प्राध्यापक आणि त्यांच्या सहकारी प्राध्यापिका. प्राध्यापकांच्या नावाआधी 'चि.' होतं आणि बाईंच्या नावाआधी 'चि. सौ. कां.'. तळाशी लिहिलं होतं, 'कृपया आहेर आणू नये'.

पुष्पाबाईंनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळपर्यंत साकोलीहून प्राध्यापिकाबाईंच्या यजमानांचा फोन आला. ते शांत गृहस्थ होते. त्यांनी फक्त विचारलं की, माझ्या बायकोचं लग्न कुठं आणि केव्हा आहे, तेवढं कळवा, कारण माझ्या मावशी अभिनंदनाला येऊन बसल्या आहेत.

भय्याजीनं 'चि.' काढलं, आहेर काढला, एक मोरही काढला. सनई मात्र निघेना.

"पेज अन् शहनाई एकाच फाइलीत हायेत सरजी. शहनाई काढली का पेज जाते."

"अरे, विज्ञानाचं नियतकालिक आहे ते!"

"मंग विज्ञानवाल्यायले गाणं आवडत नाही का?"

आयुष्यभर ज्यांनी वर्गात कुणाला खोकू दिलं नाही, त्या केशवरावांचं त्रैमासिक उघडलं की आता नवरी मांडवात येत असल्यासारखं वाटे. ते पेज उघडण्याआधी ते उठून दार लावून घेऊ लागले.

त्यानंतर समितीचा अर्ज आला, आणि खरी गोम तिथं होती. संपादक मंडळातल्या प्रत्येकाचं नाव, ई-मेल आणि स्थिती भरायची होती. आता या मंडळाची एक रीत होती. आपल्याकडं लग्नपत्रिकेत गेलेल्या आजोबांचं नाव गाळत नाहीत, पुढं 'स्व.' लावून सगळ्यांच्या वर छापतात. 'तलाव-विज्ञान'चं मुखपृष्ठामागचं पान भय्याजीच्या प्रेसमध्येच जुळत असल्यानं तिथंही हीच रीत पडली होती. मंडळातला माणूस गेला की त्याचं नाव निघत नसे, फक्त 'स्व.' लागे आणि नाव वर सरके. नाव काढावं तर घरच्यांना काय वाटेल? अशी वरची निम्मी नावं स्वर्गीय होती, आणि सगळ्यांत वर स्व. पुंडलिकराव कापगते.

अर्जात 'स्व.' लिहायला जागा नव्हती. स्थितीपुढं दोनच पर्याय होते, 'सक्रिय' आणि 'निष्क्रिय'.

केशवराव त्या चौकटीकडं बघत बसले. पुंडलिक निष्क्रिय? जो माणूस ताप अंगात असताना पाण्याची खोली मोजायला जायचा, तो निष्क्रिय? उलट मंडळात जे जिवंत होते, त्यांना निष्क्रिय म्हणायला केशवरावांची हरकत नव्हती. एकजण नाकाडोंगरीला मुलीकडं जाऊन राहिला होता आणि तिथं नेटवर्क नाही असं मोठ्या आनंदानं सांगत असे. दुसऱ्याला स्वतःचा ई-मेल आठवत नव्हता.

"सक्रिय," केशवराव म्हणाले आणि दाबलं. पुंडलिकरावांचा जुना ई-मेल त्यांना पाठ होता, तोही घातला. कुणाला फसवायचा हेतू त्यात नव्हता. मित्राला निष्क्रिय म्हणवलं नाही, इतकंच.

चार दिवसांनी फोन आला. समितीचे तज्ज्ञ सदस्य डॉ. धनंजय बोलत होते. गृहस्थ मूळचे इकडचेच, पण आता ते तसं सांगत नसत.

"नंदागवळी सर, तुमचा दर्जा तपासावा लागेल. जुने सगळे अंक पाठवा. ऑनलाइन काही नाहीच ना त्यातलं?"

"एक ओळही नाही," केशवराव शरमून म्हणाले.

"बरं झालं. म्हणजे, वाईट झालं. आणि समितीनं तुमच्या वेबसाइटला जोडून दिलेली यंत्रणा चालते का, हे बघायला एक लेखही पाठवेन मी. माझाच. तुमच्या पत्रिकेचा दर्जा तेवढाच वाढेल."

केशवरावांकडं जुन्या अंकांचा एकच संच होता. तो त्यांनी चादरीत बांधला आणि स्वतः पार्सल करून आले. नंतर महिनाभर कपाटाचा तो रिकामा खण बघून त्यांना करमत नसे.

पुढं डॉ. धनंजय यांचा लेख आला. नाव भारदस्त होतं, 'पूर्व विदर्भातील गाळग्रस्त जलाशयांच्या खोलीमापनाची अभिनव पद्धती'. त्या यंत्रणेतल्या नक्कल पकडणाऱ्या सॉफ्टवेअरनं तो तपासला आणि निकाल दिला, नक्कल शून्य टक्के. मग यंत्रणेनं आपल्या मनानं तो परीक्षणाला पाठवला. कुणाला पाठवायचा हे यंत्रणा सदस्यांच्या होकारावरून ठरवत असे, आणि तिनं सगळ्या सदस्यांना ई-मेलवर धाडलेलं निमंत्रण स्वीकारून होकार कळवणारा माणूस सबंध मंडळात एकच निघाला, पुंडलिकराव कापगते.

दुसऱ्या दिवशी परीक्षण आलं. केशवराव चहा पीत होते. पडद्यावर नाव दिसलं आणि त्यांच्या हातातली बशी कलंडली. मजकूर एवढाच होता, "यायले आवडला नसता. नाकारा. कारण फोनवर सांगण्यासारखं नाही. घरी या."

पार्वताबाईंनी वाचलं आणि कपाळाला हात लावला. "बावा, हे तं पुंडलिकभाऊच्या सत्यभामाबाईचं बोलणं होय! नवऱ्यालेच त्या 'यायले' म्हणतेत. भाऊचा फोन त्यायच्याच जवळ हाय ना?"

केशवरावांचा जीव भांड्यात पडला, आणि तो तिथं नीट बसायच्या आत त्यांनी स्कूटर काढली. मागं भय्याजी बसला, कारण वेबसाइटच्या बाबतीत कुठंही जायचं तर आपण हवेच, अशी त्याची समजूत होती.

पुंडलिकरावांच्या पत्नी सत्यभामाबाई आंबागडच्या शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त. किल्ल्याच्या डोंगराखाली घर, अंगणात खाट. केशवराव टेकण्याआधीच त्या सुरू झाल्या.

"केशवभाऊ, तो लेख यायनं लिहलेला हाय. आमच्या बोडीवरचा. यायनं दोर सोडून खोली मोजली होती, मालूम हाय ना?"

"वहिनी, पण सॉफ्टवेअर म्हणतंय नक्कल शून्य..."

"त्या सॉफ्टवेअरचं लुगडं फाटलं होतं का?" सत्यभामाबाई उसळल्या. "दोराले हात-हात अंतरावर खुणा कायच्या बांधल्या होत्या? माह्या लुगड्याचा लाल काठ फाडला यायनं! माह्या बापानं घेतलेलं, पहिल्या दिवाळीचं! मले विचारलंही नाही. अन् हा बावा काय लिहितो?" त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरून शिक्षिकेच्या आवाजात वाचलं, "'रज्जूवर समान अंतराने लोहितवर्णीय वस्त्रपट्टिका बांधल्या.' लोहितवर्णीय! माह्या काठाले लोहितवर्णीय म्हणते!"

केशवरावांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तो लेख तिसऱ्या अंकात होता. त्यांनीच तपासला होता आणि ते विसरले होते; अंक ऑनलाइन नसल्यानं सॉफ्टवेअरला तो दिसलाच नव्हता. आणि आपला अंकांचा संच आपणच चादरीत बांधून त्या माणसाच्या घरी पोचवला होता. चोराला किल्ली द्यायची, वर चादरही द्यायची! त्यांना स्वतःचा इतका राग आला की ते खाटेवरून उठूनच उभे राहिले.

"वहिनी, इथं अंक असतील ना?"

"हायेत की. सगळे हायेत." त्यांनी आत बोट दाखवलं. "ढोलीखाली."

आत बांबूची, शेणानं लिंपलेली, माणसापेक्षा उंच धानाची ढोली होती. खालून ओल येऊ नये म्हणून तिच्याखाली अंकांचे गठ्ठे मांडले होते. "यायनंच ठेवले होते," सत्यभामाबाई म्हणाल्या. "म्हणे, आपल्या अंकाइतकं मजबूत गावात दुसरं काहीच नाही." ढोली काठोकाठ भरलेली होती.

मग उपसणं सुरू झालं. निवृत्त प्राध्यापक आणि प्रेसमालक टोपल्यांनी धान उपसू लागले. शेजारच्या जनाबाई आल्या आणि दारात बसून म्हणाल्या की वरून काय उपसता, खालून ओढा. भय्याजीनं खालून ओढलं. ढोली कलली आणि निम्मं धान केशवरावांच्या अंगावर आलं. जनाबाई म्हणाल्या, तरी मी म्हणत होते, वरून उपसा. धानाची कुसळं मानेत, सदऱ्यात, कानांत गेली. ज्याच्या कामावर दोन विद्यापीठांत भाषणं झाली, तो माणूस अंगणात उभा राहून पाठ खांबाला घासत होता, आणि जनाबाई बघत होत्या. पण तिसरा अंक निघाला. एक कोपरा वाळवीनं खाल्ला होता, लेख शाबूत होता, आणि लेखाबरोबर फोटोही होता, बोडीच्या काठावर दोर धरून उभ्या असलेल्या तरण्या सत्यभामाबाई. फोटोतही त्या रागावलेल्याच दिसत होत्या.

समितीची सुनावणी ऑनलाइन होती. केशवरावांच्या बैठकीत गल्ली जमली होती, सत्यभामाबाई आंबागडहून आल्या होत्या. पडद्यावर समितीच्या अध्यक्षबाई, आणखी एक सदस्य आणि डॉ. धनंजय. बाईंनी वेबसाइट उघडायला सांगितली. पाकळ्या पडल्या, उरलेला मोर आला, सनई वाजली. दुसऱ्या सदस्यानं तोंडावर रुमाल धरला.

"मॅडम, हे नुसतं हास्यास्पद नाही, फसवणूक आहे," डॉ. धनंजय म्हणाले. "मी चौकशी केली. या मंडळातली निम्मी माणसं मृत आहेत. आणि त्यातल्या एका मृत माणसानं माझा लेख नाकारला आहे! असं नियतकालिक आजच बंद व्हायला हवं."

केशवरावांचे कान तापले. माफी मागावी, नावं काढतो म्हणावं, हे सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं. मग त्यांना दवाखान्यातला पुंडलिक आठवला, आणि त्यांचा आवाज वर्गात लागायचा तसा लागला.

"हो, मेलेले आहेत. अर्जात ते लिहायला तुमच्याकडं जागा नव्हती, आणि निष्क्रिय लिहायची मला लाज वाटली. मी चुकलो असेन. पण मॅडम, तुमची जिवंत समिती, तुमचं जिवंत सॉफ्टवेअर, या सगळ्यांनी जी चोरी पास केली, ती पकडली कुणी, तेही ऐका." त्यांनी तिसरा अंक कॅमेऱ्यासमोर धरला. त्यातून दोन दाणे धान टेबलावर पडले. "हा पुंडलिकरावांचा लेख. ओळीला ओळ लावून बघा. हे अंक तपासणीच्या नावाखाली माझ्याकडून कोणी मागवले, तेही विचारा."

"योगायोग," डॉ. धनंजय म्हणाले. "दोर सगळीकडं सारखेच असतात. वस्त्रपट्टिकाही कुणीही..."

तेवढ्यात सत्यभामाबाई केशवरावांना बाजूला सारून पुढं आल्या. हातात जुनं हिरवं लुगडं होतं. त्यांनी ते कॅमेऱ्यापुढं उलगडलं. एका बाजूला लाल काठ होता, दुसऱ्या बाजूला काठच नव्हता.

"हे पाय ना बापू," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुही वस्त्रपट्टिका इथून फाडली हाय. तूही आपल्या बायकोचं लुगडं फाडून आणलं असशील तं दाखव."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. डॉ. धनंजय यांचा चेहरा पडद्यावर तोंड उघडं ठेवून थिजला आणि मग दिसेनासा झाला. नेटवर्क गेलं असावं. नाकाडोंगरीलासुद्धा इतक्या वेळेवर जात नाही.

निकाल पंधरवड्यानं आला. 'तलाव-विज्ञान' यादीत राहील, डॉ. धनंजय यांना समितीतून मुक्त करण्यात आलं आहे, मात्र संपादक मंडळातली मृत व्यक्तींची नावं आणि वेबसाइटवरचं वाद्यसंगीत काढून टाकावं. त्याच दिवशी अंकांचं पार्सलही परत आलं. चादर आली नाही.

भय्याजी आनंदानं म्हणाला, "सरजी, शहनाई निघते आता. मी शिकलो काढायले."

"हात लावू नको," केशवराव म्हणाले.

"पण तुमालेच तं..."

"माझं मी बघीन. त्यांनी काढ म्हटलं म्हणून निघणार नाही." आणि त्यांनी समितीला कळवलं की, नावं काढणार नाही. 'स्व.' लिहायला जागा द्या, आम्ही लिहू. तोवर ही माणसं सक्रिय आहेत, आणि सनई त्यांच्याच मानासाठी वाजते. पत्राखाली सही करताना त्यांनी दार लावलं नाही. पेज उघडंच होतं, आणि सनई गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जात होती.

समितीचं उत्तर आलं नाही. यादीतलं नावही गेलं नाही. भय्याजी आता प्रेसमध्ये जुने अंक एकेक करून ऑनलाइन चढवतो आहे, आणि पहिला चढवला तो तिसरा. केशवराव आंबागडला जाऊन सत्यभामाबाईंना म्हणाले, मंडळात तुमचंही नाव घालतो.

"घाला. पण मले आत्ताच 'स्व.' लावू नका म्हणजे झालं," त्या म्हणाल्या. "अन् मी लिहीन ते यायच्याच नावानं. माणूस घरी नसला तं त्याचं काम कोणी करत नाही का?"

परवा एक नवा लेख आला, पवनीकडच्या एका तरुण संशोधकाचा, तलावाच्या गाळावर. यंत्रणेनं तो पुंडलिकरावांकडं पाठवला. संध्याकाळी परीक्षण आलं.

"यायले आवडला असता. छापा. पण दोराच्या खुणा कोणाच्या लुगड्याच्या हायेत, ते आधी विचारून घ्या."